विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी

सिकलसेल हा रोग झाबुआ, नंदुरबार, गडचिरोलीकडील आदिवासी बांधवांच्या चांगलाच परिचयाचा आहे. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे, पोट, छाती असह्य दुखू लागते. नवल असे की, हा रोग घेऊन जन्मलेले मूल पहिले काही महिने ठणठणीत असते. याचे कारण अमेरिकेतील डॉ. जॅनेट वॉटसन यांनी १९४८ सालीच ताडले होते. गर्भातल्या बाळाचे हिमोग्लोबिन निराळे असते. ते पेशींना वाकू देत नाही. जन्मानंतर ते आटते व रोग डोके वर काढतो.

मग ते आटूच दिले नाही तर? बोस्टनचे डॉ. स्टुअर्ट ऑर्किन हे मुलांच्या रक्तरोगांचे डॉक्टर आणि संशोधकही. हजारो लोकांची जनुके ताडून पाहिल्यावर ‘बीसीएल११ए’ हे जनुक संशयित ठरले होते. ऑर्किन, त्यांचे विद्यार्थी विजय शंकरन व सहकारी यांनी २००८ साली दाखविले की, गर्भातील हिमोग्लोबिनचा पाट बंद करणारे दार हेच. २०११ साली हे दार काढून टाकताच रोगी उंदीर बरे झाले. परंतु हेच जनुक मेंदूला व पांढऱ्या पेशींनाही लागते. ते सरसकट तोडणे म्हणजे उंदरांसाठी घर जाळणे. २०१३ साली त्यांच्या गटाला त्या जनुकाची अशी कळ सापडली की, जी केवळ तांबड्या पेशींच्या वंशातच चालते. तेवढीच कापायची!

त्यावरून तयार झालेल्या ‘कॅसजेव्ही’ उपचारास २०२३ साली ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळाली. रोग्याच्याच मूळपेशी काढून, ती कळ कापून, परत देतात. चाचणीत पुरेसा काळ पाहिलेल्या ३१ रोग्यांपैकी २९ जणांना सलग वर्षभर तीव्र वेदनेचा झटका आला नाही. मात्र आधी जुनी अस्थिमज्जा कडक औषधाने नष्ट करावी लागते; त्याने वंध्यत्वही येऊ शकते. आणि अमेरिकेतील किंमत २२ लाख डॉलर! आमच्या मते, इतक्या किमतीचे औषध गरिबाच्या दृष्टीने अजून निघालेलेच नाही.

तोवर हायड्रॉक्सियुरिया ही स्वस्त गोळी आहे. तीही गर्भातील हिमोग्लोबिनच वाढविते. पण रक्त तपासत, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावी. आईबाप दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणी चारांत एक मूल रोगी होण्याचा संभव असतो. वाहक स्वतः सहसा धडधाकट दिसतो, म्हणून लग्न ठरविण्यापूर्वी रक्त तपासून घ्यावे.