नवी सेडान की वापरलेली?

होंडा सिटी किंवा ह्युंदाई व्हर्ना यांसारखी मध्यम आकाराची सेडान घेऊ पाहणाऱ्या गृहस्थाने प्रथम हे ध्यानी धरावे की, नव्या गाडीसाठी मोजलेल्या रकमेत एकरकमी रस्ताकर, नोंदणी आणि विमा यांचाही अंतर्भाव असतो, आणि पुनर्विक्रीच्या वेळी त्यांपैकी फारसे काही पदरात पडत नाही. विम्याच्या प्रचलित कोष्टकात गाडीच्या मूल्यावर दुसऱ्या वर्षात २० आणि पाचव्या वर्षात ५० टक्के घसारा धरतात. बाजारभाव त्याबरहुकूम चालतोच असे नाही, आणि सुस्थितीतील सिटीचा मालक तर त्या कोष्टकाकडे ढुंकूनही पाहत नाही.

दहा-बारा वर्षे गाडी बदलायचीच नाही असा ज्याचा निश्चय आहे, त्याने खुशाल नवी घ्यावी. इतरांस, माझ्या मते, तीन-चार वर्षे एकाच मालकाने वापरलेली गाडी अधिक किफायतशीर. मात्र तिची तपासणी कसून व्हावी. मीटरवरचे किलोमीटर मागे फिरवता येतात, परंतु क्लचच्या पेडलवरचे गुळगुळीत झालेले रबर सहसा कोणी बदलीत नाही. टायरच्या कडेवर २३२१ असे अंक असल्यास तो २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला समजावा. बॉनेटच्या बिजागरीच्या बोल्टांवरील रंग उडालेला दिसला, तर त्याचे कारण विचारल्यावाचून पुढची बोलणी करू नयेत.

नोंदणीपत्रावर बँकेचा बोजा असल्यास फॉर्म ३५ व ना-हरकत दाखला, आणि हस्तांतरासाठी फॉर्म २९ व ३०, विक्रेत्याच्या सहीनिशी ताब्यात घ्यावेत. विमा आपल्या नावे करण्याचा अर्ज १४ दिवसांच्या आत द्यावा. दावा न केल्याबद्दलची सवलत मात्र जुन्या मालकाकडेच राहते.