मानसशास्त्रज्ञांची संघटना : नेतृत्व आणि संवाद

मानसशास्त्रज्ञांच्या व्यावसायिक संघटनेकडे मुख्यतः तीन कामे असतात: सभासदांचे ज्ञान अद्ययावत ठेवणे, व्यवसायाची आचारसंहिता ठरवून ती पाळली जाते का हे पाहणे, आणि सरकारदरबारी व्यवसायाची बाजू मांडणे. पगार, बढती, बदली यांपैकी काहीही संघटनेच्या हातात नसते. सभासद वर्गणी भरून स्वेच्छेने येतो आणि मनात आले तर सोडूनही जातो. त्यामुळे इथल्या नेतृत्वाला हुकूम चालवता येत नाही. निर्णय होण्याआधी सभासदांना काय कळवले, त्यांचे काय ऐकून घेतले आणि नंतर काय लपवले नाही, यावरच त्याचा अधिकार टिकतो.

भारतात या विषयाची संघटना विद्यापीठाच्या आधाराने उभी राहिली. कलकत्ता विद्यापीठात 1916 साली मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. त्याची धुरा नरेंद्रनाथ सेनगुप्ता यांच्याकडे होती. गिरींद्रशेखर बोस यांनी 1922 मध्ये मनोविश्लेषणाची संस्था काढली आणि 1924 मध्ये इंडियन सायकॉलॉजिकल असोसिएशनची स्थापना झाली. महाराष्ट्रात पुणे विद्यापीठाचा विभाग 1950 मध्ये वा. कृ. कोठुरकर यांच्या नेतृत्वाखाली आकाराला आला, तर मुंबई विद्यापीठाचा उपयोजित मानसशास्त्र विभाग 1959 मधला. पुढे शाखा वाढल्या तशा संघटनाही वाढल्या. रुग्णालयांत काम करणाऱ्यांची इंडियन असोसिएशन ऑफ क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट्स 1968 मध्ये निघाली आणि 1974 पासून तिचे नियतकालिक सुरू झाले. 1989 मध्ये नॅशनल अकॅडमी ऑफ सायकॉलॉजी आली. प्राध्यापक, चिकित्सक, समुपदेशक आणि उद्योगांतले मानसशास्त्रज्ञ अशा वेगवेगळ्या घरांत विखुरले गेले. ही विभागणी अभ्यासाला उपकारक ठरली. सरकारशी बोलताना मात्र ती जड गेली.

संघटनेचा कारभार घटनेप्रमाणे चालतो. सर्वसाधारण सभा सर्वोच्च. तिच्या वतीने निवडून आलेली कार्यकारिणी काम पाहते. अध्यक्षपदाची मुदत बहुधा थोडी असते, म्हणून अनेक संघटनांत नियोजित अध्यक्ष आधीच निवडतात, म्हणजे कामाची ओळख होऊनच तो सूत्रे हाती घेतो. अध्यक्षीय भाषण लोकांच्या लक्षात राहते, पण संघटनेचा खरा कणा सरचिटणीस असतो. सभेची सूचना वेळेवर पाठवणे, विषयपत्रिकेत वादाचा विषय स्पष्ट शब्दांत घालणे, इतिवृत्तात विरोधी मतही नोंदवणे ही कामे किरकोळ वाटतात. सभासदांचा विश्वास नेमका इथेच बसतो किंवा उडतो. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या संस्थेला नवी कार्यकारिणी आल्यावर 90 दिवसांच्या आत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात फेरफार अर्ज, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला ‘चेंज रिपोर्ट’, दाखल करावा लागतो. निवडणुकीची सूचना नीट गेली नसेल तर या अर्जावर हरकत येते आणि प्रकरण वर्षानुवर्षे लोंबकळते.

नेतृत्वाने संवादाची वाट बुजवली तर काय होते, याचे सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेतले आहे. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन 1892 मध्ये स्टॅनले हॉल यांच्या पुढाकाराने स्थापन झाली. ती वाढत गेली आणि आज तिचे 54 विभाग आहेत. संशोधकांचे आणि व्यवसाय करणाऱ्यांचे पटेना, तेव्हा फेररचनेचा प्रस्ताव सभासदांनी फेटाळला आणि 1988 मध्ये संशोधकांचा एक गट बाहेर पडून त्याने वेगळी संघटना काढली. हे भांडण उघड्यावर झाले, मतदानाने सुटले. दोन्ही संघटना त्यातून सावरल्या.

2005 मध्ये जे घडले ते वेगळे होते. लष्करी कोठडीतील कैद्यांच्या चौकशीत मानसशास्त्रज्ञांनी सहभागी व्हावे का, हे ठरवण्यासाठी अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने कार्यगट नेमला. त्यातल्या मतदानाचा अधिकार असलेल्या बहुसंख्य सदस्यांचे लष्कराशी किंवा गुप्तचर यंत्रणेशी संबंध होते. अशा सहभागाला मुभा देणारा अहवाल संचालक मंडळाने तातडीने मंजूर केला. व्यापक प्रतिनिधी मंडळापुढे तो चर्चेला आलाच नाही. आक्षेप घेणाऱ्या सभासदांना वर्षानुवर्षे ठरावीक साच्याची उत्तरे मिळत राहिली. 2008 मध्ये सभासदांनी स्वतः मागणी करून सार्वमत घडवून आणले आणि विरोध नोंदवला. अखेर डेव्हिड हॉफमन या वकिलांकडे स्वतंत्र चौकशी सोपवली गेली. जुलै 2015 मध्ये बाहेर आलेल्या त्यांच्या अहवालाने संघटनेच्या काही पदाधिकाऱ्यांनी संरक्षण खात्याशी संगनमत करून आचारसंहिता सैल ठेवल्याचा निष्कर्ष काढला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टोरांटोच्या बैठकीत राष्ट्रीय सुरक्षेच्या चौकशांतून मानसशास्त्रज्ञांना दूर ठेवण्याचा ठराव 157 विरुद्ध 1 मतांनी संमत झाला. मनाचा अभ्यास करणाऱ्यांच्या संघटनेला आपल्याच सभासदांचे मन ऐकायला दहा वर्षे लागावीत, ही गोष्ट या व्यवसायातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे.

भारतातील अडचण दुसऱ्या प्रकारची आहे. कोणी स्वतःला मानसशास्त्रज्ञ म्हणवावे, हे इथे संघटनांनी एकत्र बसून ठरवले नाही. ते कायद्यांनी तुकड्यातुकड्यांनी ठरवले. 1992 च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्यानुसार चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाला परिषदेकडे नोंदणी करावी लागते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 यानेही परिषदेची मान्यता असलेले शिक्षणच ग्राह्य धरले. उरलेले मानसशास्त्रज्ञ 2021 च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांसंबंधीच्या कायद्यात आले. एकाच विषयात एम. ए. झालेले दोघे अशा रीतीने दोन वेगळ्या कायद्यांखाली येतात.

या तुटकपणाची झळ महानगरापेक्षा लहान गावाला जास्त बसते. तेलंगणातल्या बेल्लमपल्लीचेच पाहावे. काजीपेठ–बल्लारशा लोहमार्गावरचे, सिंगरेणीच्या कोळसा खाणींभोवती वाढलेले हे गाव पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होते. 2016 पासून ते मंचेरियाल जिल्ह्यात आहे. जमिनीखाली पाळ्यांमध्ये होणारे काम, अपघाताची धास्ती, झोपेचे बिघडलेले चक्र, खाण बंद झाली की मोडणारी घरे हे सारे मानसशास्त्राच्या हद्दीतले प्रश्न आहेत. परिसरात तेलुगूबरोबर उर्दू आणि मराठीही कानावर पडते. संघटनांची नियतकालिके, अधिवेशनातले निबंध आणि आचारसंहिता मात्र इंग्रजीत. अशा गावात एकट्याने काम करणाऱ्या समुपदेशकाला वर्षातून एकदा दूरच्या शहरात भरणारे अधिवेशन पुरत नाही. अवघड प्रसंगी सल्ला विचारता येईल असा ज्येष्ठ सहकारी त्याला फोनवर भेटला पाहिजे, आणि तो जोडून देणे हे कार्यकारिणीचे काम आहे. तेलुगू किंवा मराठीत बेतलेल्या चाचण्या, खाणकामगाराला वाचून दाखवता येईल असे संमतिपत्र, तक्रार कुठे करायची हे सांगणारा साधा कागद, एवढे झाले तरी संघटना तिथवर पोहोचेल.

तक्रारीच्या कागदाला इथे विशेष महत्त्व आहे. समुपदेशकाने गुप्तता मोडली, तर कुटुंबाने दाद मागायची कुठे? तो पुनर्वास परिषदेकडे नोंदलेला असेल तर त्याचे नाव नोंदवहीतून काढण्यापर्यंत कारवाई होऊ शकते. केवळ संघटनेचा सभासद असेल, तर तिची आचारसमिती त्याला समज देऊ शकते, सभासदत्व रद्द करू शकते. व्यवसाय थांबवण्याचा अधिकार तिला नाही. तो कोणत्याच संघटनेचा सभासद नसेल, तर कोणतीही संघटना त्याला जाबही विचारू शकत नाही.