बंब जुना, दिवे नवे

लाल काचेआड पांढरा बल्ब लावला की त्याचा बहुतेक उजेड काचेतच मरतो. अमेरिकेतल्या जुन्या बंबांवर कित्येक वर्षं हेच चाललं: ५५ वॅटचा हॅलोजन, भोवती फिरणारा आरसा, वर लाल घुमट. एलईडी मुळातच लाल उजेड देतो, काच साधी असली तरी भागतं.

१२ व्होल्टवर असा एक हॅलोजन साडेचार अँपिअर खातो. टपावर असे चार-सहा, शिवाय सायरन, वायरलेस, आणि आगीपाशी बंब तासन् तास उभा! दिवे बदलले की पहिला सुस्कारा बॅटरी सोडते.

पण हिमवर्षावात हॅलोजनची उष्णता कामाची होती, काचेवरचं बर्फ वितळायचं. थंडगार एलईडीवर ते साचून राहतं. आणि मधल्या काळातले झेनॉन स्ट्रोब काढताना जपूनच! बटण बंद केल्यावरही त्यांचा कपॅसिटर झटका देऊ शकतो.

रंग कोणता? तिन्हीसांजेला बागेत बघा: लाल जास्वंद काळवंडते, निळी गोकर्ण अजून उठून दिसते. अंधारात डोळा निळ्याकडे झुकतो, हे झेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी एकोणिसाव्या शतकातच टिपलं. म्हणून लालच्या जोडीला निळा हवाच, असं मला वाटतं. मात्र अमेरिकेतल्या काही राज्यांत निळा दिवा फक्त पोलिसांचा.

शिकागोची तऱ्हा माझी सगळ्यांत लाडकी. तिथल्या बंबाच्या उजव्या बाजूला चक्क हिरवा दिवा! १९२७ ते १९३१ या काळात तिथले अग्निशमन आयुक्त होते अल्बर्ट गुडरिच, घरचा धंदा आगबोटींचा. बोटीला डावीकडे लाल आणि उजवीकडे हिरवा दिवा असतो, तीच रीत त्यांनी बंबावर आणली. बल्ब गेले, एलईडी आले, हिरवा दिवा जागेवर आहे.

नवे दिवे बसवताना विझवण्याचीही सोय करावी लागते, आणि मला तीच सर्वांत मोलाची वाटते. एनएफपीए या अमेरिकी अग्निसुरक्षा संस्थेच्या मानकानुसार बंब धावताना पांढरे दिवे चालतात, रस्ता अडवून उभा राहिला की ते बंद. नाहीतर समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात आणि बंबाशेजारी पाण्याचा पाइप ओढणारा जवान त्याला दिसतच नाही.

सगळं जुनं मात्र मोडीत निघालेलं नाही. तीन दिवे एकत्र गरगर फिरवणारा ‘रोटो-रे’ १९२०च्या दशकाअखेरचा. आजही नव्याकोऱ्या बंबांच्या कपाळावर तो दिसतो. आत एलईडी, गिरकी तीच.