पायनघाटातील गाड्या

बुलढाणा जिल्ह्याचे दोन खंड वऱ्हाडच्या महसुली दप्तरांत पूर्वीपासून मानलेले आहेत: पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्याभोर मातीचा सपाट पायनघाट आणि अजिंठ्याच्या रांगेवर वसलेला बालाघाट. 1867 साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे भुसावळमार्गे नागपुरास पोहोचली ती पायनघाटाच्या वाटेने; मलकापूर, नांदुरा, जलंब आणि शेगाव ह्यांच्या नशिबी स्टेशने आली, आणि चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, इतकेच नव्हे तर जेथे कलेक्टरची कचेरी भरते ते बुलढाणासुद्धा, रुळांपासून दूर डोंगरावर राहिले. गेल्या दीडशेहून अधिक वर्षांचा मागोवा घेताना मला निश्चितपणे वाटते की, ह्या जिल्ह्यात स्टेशनाविषयी जी ओढ पिढ्यान्‌पिढ्या नांदली, तिचे मूळ ह्या विषम वाटणीत आहे. गाडी गाठण्यासाठी ज्यास आधी घाट उतरावा लागतो, त्याला तिचे अप्रूप निराळेच असते.

रूळ आले ते कापसासाठी. त्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून पार गंगाकाठच्या मिर्झापुरापर्यंत जात असे. 1861 साली अमेरिकेत यादवी पेटली, तेथील रुई बंद पडून लँकेशायरच्या गिरण्या ओस पडू लागल्या, आणि साहेबाची नजर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळली. खामगावची कापूसपेठ त्या काळी ह्या मुलखात अग्रगण्य. परंतु मुख्य मार्ग तिला आठ मैलांनी चुकवून गेला होता. तेव्हा सरकारी खर्चाने जलंबपासून खामगावपर्यंत स्वतंत्र शाखा घालण्याची तजवीज झाली आणि 1870 साली खुद्द गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो ह्यांनी तिचे उद्‌घाटन केले. खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात मोडे. बुलढाण्याच्या हद्दीत ते 1905 साली आले. आठ मैलांच्या वाटेसाठी हिंदुस्थानच्या लाटसाहेबाने यावे, ह्यावरून त्या पांढऱ्या सोन्याचा दरारा ध्यानी येतो.

ह्या इवल्याशा शाखेवर माझा विशेष जीव आहे. वाफेच्या इंजिनांच्या काळी मेलने जलंबास उतरावे, वळकटी आणि पाण्याची सुरई सांभाळीत फलाट ओलांडावा, तो पलीकडे खामगावची गाडी मोठ्या गाडीतल्या उतारूंसाठी खोळंबून उभी असे. मेल मुंबई-हावड्याच्या घाईत क्षणभर थबकून निघून जाई, आणि मग लहान गाडीचे डबे भरू लागत: सरकीच्या भावाची चर्चा करणारे अडते, कोर्टाच्या तारखेवरून परतणारे पक्षकार, माहेरवाशिणी आणि त्यांच्या मांडीवर पेंगुळलेली पोरे. फलाटावर टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर लोखंडी दांड्याचा ठोका पडला की इंजिन शीळ घाली, आणि दोहों बाजूंच्या पऱ्हाटीतून गाडी अशा संथपणे चाले की, वेचणीला वाकलेल्या बायांनी मान वर करून आतल्या माणसांस ओळखावे.

बालाघाटच्या रहिवाशांना मात्र हे सुख कष्टानेच लाभे. बुलढाण्याहून मलकापूर सुमारे 45 किलोमीटर. मोटारी नव्हत्या तेव्हा बंडी जुंपून राजूर घाट उतरायचा आणि मुसाफिरखान्यात गाठोड्यावर डोके टेकून गाडीची वाट पाहायची. बदलीवर निघालेला कारकून असो की पुण्या-मुंबईस शिकायला निघालेला मुलगा, मलकापूरचा फलाट हीच त्याच्या मुलखाची वेस होती.

शेगावची कथा आणखी वेगळी. 23 फेब्रुवारी 1878 रोजी श्रीगजानन महाराज तेथे प्रकट झाले, तेव्हा त्या गावास रेल्वे लाभून दशकाहून अधिक काळ लोटला होता. 8 सप्टेंबर 1910 रोजी त्यांनी समाधी घेतल्यानंतर ज्या मार्गाने केवळ कापसाच्या गठाणी जायच्या, त्याच मार्गाने भाविकांचे लोंढे येऊ लागले. ऋषिपंचमीस वा प्रकटदिनास तेथला फलाट पाहावा. टाळ, पिशव्या, म्हाताऱ्यांचे हात धरलेली नातवंडे, आणि साऱ्या गलबल्यातून वाट काढणारा कचोरीवाला. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या एका कुटुंबाने स्टेशनावर विकायला घेतलेली ती कचोरी आज गावाच्या नावानेच सर्वत्र ओळखली जाते, ह्याचे मला मोठे कौतुक वाटते.

1925 साली कंपनीचा अंमल संपून रेल्वे सरकारजमा झाली, 1951 साली मध्य रेल्वे स्थापन झाली, पुढे धूर गेला आणि विजेच्या तारा आल्या. 1977 साली मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना गीतांजली एक्सप्रेस ह्याच मार्गावरून धावू लागली. वर्गभेद नसलेली लांब पल्ल्याची गाडी ही त्या समाजवादी मंत्र्याच्या मनाची ओळख होती, आणि वऱ्हाडच्या साध्या उतारूस तिने दिलेला मान मी मोठा मानतो.

राहिला तो बालाघाट. खामगावचे रूळ चिखलीवरून जालन्यास न्यावेत, ही मागणी स्वातंत्र्यापूर्वीची. तिची सर्वेक्षणे झाली, दरखास्ती गेल्या, आंदोलने झाली, तिच्यावर निवडणुकाही लढवल्या गेल्या. लाटसाहेबाने कापसासाठी जी शाखा खामगावात आणून थांबवली, ती घाटावरच्या माणसांसाठी पुढे न्यावी, एवढेच त्या मागणीत आहे, आणि ती मंजूर होऊन चिखलीत गाडी यावी असे मलाही मनापासून वाटते.