मोबाइलला कुलूप, पण किल्ली कोणाकडे?

डोके दुखणे, डोळे चुरचुरणे, सकाळी लवकर जाग न येणे आणि सारखी चिडचिड करणे. शाळकरी मुलांच्या या तक्रारी घेऊन पालक दवाखान्यात येतात व टॉनिक लिहून मागतात. मूल रात्री किती वाजता झोपते, असे विचारले की बहुधा मोबाइलचा विषय निघतो.

पाचोरा परिसरात वेचणीच्या दिवसांत आई-वडील दोघेही शेतात असतात. मूल घरी थांबावे म्हणून मोबाइल दिला जातो. यात नुसता पालकांना दोष देऊन भागणार नाही. मात्र मोबाइलला लगाम घालता येतो, हे त्यांना माहीत असले पाहिजे.

बालरोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेने वयानुसार मर्यादा सांगितली आहे. 2 वर्षांच्या आत पडदा नकोच, 2 ते 5 वर्षांपर्यंत जास्तीत जास्त 1 तास आणि 5 ते 10 वर्षांपर्यंत 2 तासांपेक्षा कमी. रात्रीच्या उजेडाने झोप आणणाऱ्या मेलाटोनिन या संप्रेरकाचे काम लांबते. मैदानावरचे खेळणे कमी झाले की चष्म्याचा नंबर वाढण्याची शक्यता वाढते.

आता उपाय. मुलाचा मोबाइल स्वतंत्र असेल, तर पालकांनी आपल्या मोबाइलवर गुगलचे ‘फॅमिली लिंक’ घ्यावे व मुलाचे खाते त्याला जोडावे. रोज किती वेळ मोबाइल चालावा, रात्री किती वाजता बंद व्हावा आणि कोणते ॲप उतरवावे, हे त्यातून ठरवता येते. आयफोनमध्ये हीच सोय ‘स्क्रीन टाइम’ या नावाने आहे. खाते काढताना मुलाचे जन्मवर्ष खरे लिहावे. वय वाढवून लिहिले, तर लहान मुलांसाठीची बंधने आपोआप लागू होत नाहीत.

घरात एकच मोबाइल असेल, तर ‘प्ले स्टोअर’मध्ये पालकांचे नियंत्रण सुरू करून त्याला पिन घालावा. सेटिंगमधील ‘ॲप पिनिंग’ने एकच ॲप उघडे ठेवून मोबाइल देता येतो, बाहेर पडायला पिन लागेल, असेही तेथेच ठरवावे. हा पिन आणि पैशांच्या व्यवहाराचा पिन मुलांना सांगू नये.

परंतु कुलूप मुलाला आणि मोकळीक मोठ्यांना, असे चालत नाही. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 साली यावर चांगला तोडगा काढला. संध्याकाळी 7 वाजता देवळावरचा भोंगा वाजला की दीड तास घरोघरी टी.व्ही. व मोबाइल बंद. मुले अभ्यासाला बसतात आणि नियम मोठ्यांनाही लागू असतो. आपल्याकडे भोंगा नसला तरी जेवणाची वेळ आहेच. त्या वेळी घरातील सर्व मोबाइल एका जागी ठेवावेत. रात्री मुलाच्या उशाशी मोबाइल नसावा.

बंधन घालण्यापूर्वी मुलाला कारण सांगावे व हळूहळू वेळ कमी करावी. मोबाइल एकदम हिसकावून घेतल्याने भांडण वाढते. खेळापायी जेवण, झोप, शाळा व मित्र सुटू लागले, तर मारझोड न करता डॉक्टरांना भेटावे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली मंजूर केलेल्या आजारांच्या यादीत अशा खेळाच्या व्यसनाचा समावेश आहे. मानसिक आरोग्याच्या सल्ल्यासाठी शासनाचा ‘टेलि-मानस’चा 14416 हा विनामूल्य क्रमांक मराठीतही मदत करतो.

पालकहो, टॉनिकच्या बाटलीपूर्वी हे करून पाहा. मूल वेळेवर झोपू लागले, तर निम्म्या तक्रारी औषधाविनाच कमी होतील.