धरणे आणि सोडणे

भूलतज्ज्ञ म्हणून शस्त्रक्रियागृहात सोडा लाइमचे पांढरे दाणे जांभळे होताना मी असंख्य वेळा पाहिले आहेत. रुग्णाच्या उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड ते रासायनिक बंधाने कायमचा धरून ठेवतात. म्हणूनच रंग पालटला की ते टाकून द्यावे लागतात. शस्त्रक्रियेपुरते हे परवडते. कारखान्याच्या धुराड्यासाठी मात्र धरलेला वायू पुन्हा सोडणारा पदार्थच हवा.

झिओलाइट हे सच्छिद्र स्फटिक तसे करतात. आपल्या परिचयाच्या ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरमध्ये ते हवेतील नायट्रोजन धरतात व दाब उतरताच सोडतात. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात ते कार्बन डायऑक्साइड वेगळा करतात. परंतु त्यांना पाण्याची ओढ अधिक, म्हणून हवा आधी कोरडी करावी लागते. धुराड्यातील वायू तर बाष्पाने भरलेला!

येथे धातूचे अणू व सेंद्रिय रेणू यांच्या जाळीदार स्फटिकांनी वाट दाखविली. त्यांच्या निर्मितीसाठी सुसुमू कितागावा, रिचर्ड रॉब्सन व ओमर याघी यांना २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठात घडविलेला, जस्तयुक्त ‘कॅल्फ-२०’ सुमारे ४० टक्के सापेक्ष आर्द्रतेतही पाण्याआधी कार्बन डायऑक्साइडला जागा देतो. ही पकड भौतिक असल्याने वाफेच्या उष्णतेने वायू सुटतो आणि स्फटिक पुन्हा कामास लागतो.

हिमोग्लोबिनही प्राणवायू नुसता धरते म्हणून नव्हे, तर ऊतींपाशी सोडते म्हणून आपण जगतो. कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा पाहिलेल्या वैद्यकांना अतिघट्ट पकडीचा धोका निराळा सांगावयास नको.