वारा किती, आणि पाणी किती?

वादळाची बातमी आली की आपल्या गटाच्या बैठकीत पहिला प्रश्न येतो, "वारा किती सुटणार?" कौलं, पत्रे, नारळी-पोफळी डोळ्यांपुढे येतात, ते साहजिकच आहे. पण खाडीकाठच्या बायकांनी दुसरा प्रश्नही विचारायला हवा. पाणी किती चढणार?

वादळाच्या मध्यभागी हवेचा दाब कमी असतो. दाब १ मिलिबारने घटला की समुद्र साधारण १ सेंटिमीटर वर येतो. खरं काम मात्र वारा करतो. तो पाणी किनाऱ्याकडे ढकलत नेतो. समुद्र उथळ असेल, खाडी आत चिंचोळी होत गेली असेल, तर पाण्याला पसरायला जागा नसते आणि ते वर चढतं. ही एक लाट येऊन परत गेली असं नसतं, पाण्याची पातळीच चढते. लाटा तिच्यावर आणखी उसळतात.

आपल्या किनाऱ्यावर वादळ आत शिरतं तेव्हा केंद्राच्या दक्षिणेला वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो. म्हणून पाण्याचा जोर तिकडे जास्त असतो. वादळाची वाट थोडी सरकली तरी पाणी दुसऱ्याच गावात शिरतं. हवामान खातं वादळाचा मार्ग सांगतं, हैदराबादचं इन्कॉइस समुद्राची खोली आणि किनाऱ्याचा आकार धरून पाण्याचं गणित मांडतं. तरीही नेमकं गाव सांगता येत नाही, म्हणून इशारा सगळ्या पट्ट्याला देतात. आपल्याकडे पाणी आलं नाही म्हणून इशारा खोटा ठरत नाही.

३ जून २०२० चं निसर्ग वादळ आठवा. मुंबई, ठाणे, रायगडसाठी "भरतीच्या पातळीपेक्षा १ ते २ मीटर जास्त" असा इशारा होता. पौर्णिमा दोन दिवसांवर, म्हणजे उधाणाचे दिवस. वादळ अलिबागच्या दक्षिणेला दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान आत शिरलं, तेव्हा सकाळची भरती ओसरत होती. तेच वादळ चार तास आधी आलं असतं, तर पाणी भरलेल्या समुद्रावर चढलं असतं.

म्हणून इशाऱ्यातले "भरतीपेक्षा" आणि "मीटर" हे शब्द नीट ऐका. भरतीची वेळ काढणं आपल्याला नवीन नाही. मुंबई-रायगडकडे तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थीला साधारण ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता.

येत्या बैठकीआधी एक काम करू या. मोठ्या उधाणाला पाणी कुठवर येतं, तिथे रंगाने खूण करू. तिच्यावर १ मीटर म्हणजे कमरेइतकं पाणी. त्या पातळीत कुणाची घरं येतात, त्यांत म्हातारी माणसं, बाळंतिणी किती, याची यादी गटाच्या वहीत लिहू. इशारा आला की आधी त्यांना उंचावरच्या शाळेत हलवायचं. पासबुकं, रेशनकार्डं प्लास्टिकच्या पिशवीत घालून बरोबर घ्यायची. आणि हे सगळं भरती लागायच्या आत.